सोनचाफ्याची पानं करपतात, कळ्या गळतात, फुलं येत नाहीत: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

पुणे आणि आसपासच्या बंगल्यांच्या, सोसायट्यांच्या बागा मी सांभाळतो. संक्रांत उलटली की व्हॉट्सॲपवर सोनचाफ्याच्या पानांचे फोटो यायला लागतात, ते जूनचा पाऊस लागेपर्यंत. टोकाकडून तपकिरी झालेलं पान, कड कुरकुरीत, मधला भाग अजून हिरवा. आणि फोटोखाली ठरलेला प्रश्न: "कुठलं खत घालू?" बहुतेक वेळा माझं उत्तर असतं, सध्या कुठलंच नको. दोष पाण्यात नाहीतर मातीत असतो आणि खत घातलं की तो आणखी वाढतो.

हे सगळं मुख्यतः घाटावरच्या लोकांसाठी. कोकणात जांभ्याची आम्लधर्मी, पाणी न धरणारी माती आणि वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे तिथं सोनचाफ्याचे फार लाड करावे लागत नाहीत. तेच कलम लाल मातीच्या पिशवीतून आपल्याकडे येतं. आपण ते चुनखडीच्या काळ्या मातीत लावतो आणि वर बोअरचं पाणी घालतो. पुण्यात पाऊस वर्षाला ७००-७५० मिलिमीटर. म्हणजे आठ महिने जमिनीत साठलेले क्षार धुऊन न्यायला तो कसाबसा पुरतो. कुंडीत आणि पत्र्याच्या शेडखाली तर तेवढाही नाही.

लक्षणं

झाडाजवळ बसा आणि यातलं नेमकं काय दिसतंय ते ठरवा. दोन-तीन लक्षणं एकत्रही असतात.

- जुनी, खालची पानं टोकाकडून आणि कडेनं करपतात, शेंड्याची पालवी मात्र बरी असते. क्षार, उष्ण वारा किंवा पाण्याची अनियमितता.
- नवीन पानंच पिवळी येतात, शिरा हिरव्या राहतात. शेतकरी ज्याला "केवडा पडला" म्हणतात तेच. लोह कमी पडतंय.
- माती ओली असूनही झाड मलूल, पानं लोंबलेली. मुळं गुदमरली आहेत.
- पाला भरघोस, फूल एकही नाही.
- कळ्या उमलण्याआधीच खाली पडतात.
- पानं चिकट, वर काजळी धरलेली, खोडावर मुंग्यांची रांग.
- एखादीच फांदी शेंड्याकडून वाळत खाली येते.

यापुढचा क्रम फुकटातल्या तपासणीपासून मातीत हात घालण्यापर्यंत जातो. एका वेळी एकच बदल करा आणि पुढची पालवी येईपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, थांबा. करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, म्हणून सुधारणा जुन्या पानावर शोधू नका. लोक पाणी, खत, जागा, फवारणी सगळं एकाच रविवारी बदलतात आणि मग कशानं फरक पडला ते कुणालाच सांगता येत नाही.

१. दोष आहे की नाही तेच आधी बघा

सोनचाफा सदाहरित आहे, पण सदाहरित झाडाचीही जुनी पानं गळतात. थंडी सरताना खालची पानं पिवळी होऊन पडत असतील आणि शेंड्याला नवीन पालवी फुटत असेल तर झाड ठीक आहे.

दुसरी गोष्ट कळ्यांची, आणि इथं भलेभले फसतात. सोनचाफ्याचं प्रत्येक नवीन पान एका लवदार, टोकदार आवरणात गुंडाळलेलं असतं. फांदीच्या टोकाला ते कळीसारखंच दिसतं. पान उलगडलं की ते आवरण गळून पडतं आणि फांदीभोवती अंगठीसारखी बारीक रेघ उरते. खाली पडलेली ही टरफलं बघून लोक म्हणतात, "रोज दहा-दहा कळ्या गळतात हो." त्यातली एक उचला आणि नखानं उकला. आत पोकळ असेल तर ते पानाचं किंवा कळीवरचं आवरण होतं, चिंता सोडा. आत पिवळसर पाकळ्या घट्ट बसलेल्या दिसल्या तर खरी कळी गळली. खरी कळी पानाच्या बेचक्यात येते आणि पानाच्या कोंबापेक्षा जाडसर, गुबगुबीत असते.

कळीगळीच्या निम्म्याअधिक तक्रारी माझ्याकडे इथंच संपतात.

२. खराट्याची हीर

माती वरून बघून काही कळत नाही. खराट्याची एक जाडशी हीर घ्या आणि मातीत वीतभर खोल खुपसा. दहा मिनिटांनी काढून ओल कुठपर्यंत लागली ते बघा. दोन ठिकाणी करा: एकदा खोडाला लागून, एकदा खोडापासून हातभर लांब. कुंडी असेल तर कडेला.

दोन ठिकाणी कशासाठी? रोपवाटिकेच्या पिशवीतला लाल मातीचा गोळा एकदा पूर्ण सुकला की विटेसारखा कडक होतो. पाणी त्याच्या भोवतीनं निघून जातं, आळं भरलेलं दिसतं, कुंडीच्या तळातून पाणी गळतंही, आणि सगळी मुळं ज्या गोळ्यात आहेत तो आतून कोरडाच राहतो. झाड रोज पाणी मिळूनही तहानलेलं. लावून एक-दोन वर्षं झालेल्या झाडांत मला हे फार दिसतं. उपाय सोपा आहे. पातळ सळईनं गोळ्यात सात-आठ भोकं पाडा, मुळं तुटतील अशा जोरानं नको. मग बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ती खोडाजवळ उलटी रोवा. पाणी थेंबथेंब मुरू द्या. दोन-तीन दिवसांत गोळा भिजतो.

उलट, हीर दोन्ही ठिकाणी चिखल लागून आली आणि कुबट वास आला तर पाणी बंद. वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय पुन्हा घालू नका. "उन्हाळा आहे, रोज दोन वेळा घालतो" हे ऐकलं की मी आधी मुळांचीच शंका घेतो. सोनचाफ्याची मुळं जाड, मांसल असतात, त्यांना ओल हवी पण साचलेलं पाणी अजिबात चालत नाही.

खऱ्या कळ्या गळत असतील तर कारण बहुधा हेच हेलकावे असतात. चार दिवस कोरडं, मग एकदम बादलीभर. सुट्टीला गावी जाऊन आल्यावर हमखास.

३. कलमाचा जोड आणि ती पट्टी

खोडाच्या तळाशी, मातीपासून फूटभराच्या आत जोडाची गाठ दिसते का बघा. तिथं कलम बांधतानाची प्लॅस्टिकची पट्टी अजून असेल तर आजच काढा. झाड वाढतं, पट्टी वाढत नाही. ती सालीत रुतते आणि वरून जेवण खाली, खालून पाणी वर जाणं अडतं. मग वरचा भाग खुजा राहतो, पानं पिवळी पडतात आणि जोराच्या वाऱ्यात झाड नेमकं तिथंच मोडतं. ब्लेडनं जोडाच्या विरुद्ध बाजूला उभा काप द्या आणि पट्टी सोलून काढा. ओढू नका, साल निघते.

आता जोडाच्या खालून फुटवे आलेत का पाहा. खालचा खुंटही (ज्या रोपावर कलम बांधतात तो) सहसा चाफ्याच्याच बियांवरचा असतो, त्यामुळे पानांवरून फरक ओळखता येत नाही. जोडाच्या वर की खाली, एवढंच बघायचं. खालचे सगळे फुटवे खोडापासून साफ काढा. ते जोमानं वाढतात आणि कलमाचा वाटा खातात. "झाड मस्त झालंय पण फुलत नाही" म्हणून बोलावलेल्या एका घरी कलमाची मूळ फांदी केव्हाच वाळून गेली होती. डोलत होता तो सगळा खुंटाचा पसारा.

जोडाची गाठ कुठंच नसेल तर तुमचं झाड बियांचं असू शकतं. कलम लावल्यापासून वर्ष-दोन वर्षांत फुलतं. बियांचं झाड सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त वाट बघायला लावतं आणि दोन-तीन मजली उंच होतं. त्यात दोष काही नाही, पण अंगणाच्या कोपऱ्यात छोटं फुलझाड हवं असेल तर ते हे नव्हे. कलम छाटणीनं आठ-दहा फुटांत राखता येतं.

४. ऊन

पाला आहे, फूल नाही, आणि कलम खात्रीचं आहे? मग दिवसभरात तीनदा झाडाकडे बघा. पाच-सहा तास थेट ऊन लागलं पाहिजे. लावताना होतं आणि आता शेजारची इमारत उठली, असंही होतं. गच्चीवर याच्या उलट त्रास होतो. पश्चिमेची भिंत आणि तापलेली फरशी संध्याकाळपर्यंत झळ मारत राहते आणि भिंतीकडचीच पानं करपतात. करप एकाच बाजूला असेल तर कुंडी भिंतीपासून सरकवा आणि एप्रिल-मेमध्ये दुपारपुरती हिरवी जाळी लावा. मातीला दोष देण्याआधी हे करून बघायला पैसे लागत नाहीत.

५. पाणी कुठलं घालता

घाटावर खरा गुन्हेगार बहुतेक वेळा इथं सापडतो, त्यामुळे जरा सविस्तर.

बागेतल्या बादलीच्या आतल्या बाजूला आणि कुंडीच्या बाहेर पांढरा थर दिसतो का? नळाच्या तोटीला खडा धरलाय का? तुमचं पाणी जड आहे. झाड पाणी वर ओढतं, पानातून ते उडून जातं आणि क्षार पानाच्या टोकाला, कडेला साठतात. म्हणून करप टोकाकडून सुरू होते. आणि जुन्या पानात जास्त दिसते, कारण त्यानं जास्त दिवस हे पाणी ओढलेलं असतं.

यात दोन पाणी विशेष वाईट. एक, घरच्या आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं. "वाया कशाला घालवायचं" म्हणून लोक ते झाडांना घालतात. भावना चांगली, पण मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाटलेले असतात. त्यानं लादी पुसा, बाथरूम धुवा, सोनचाफ्याला घालू नका. दुसरं, सोसायटीत जड पाणी मऊ करायचं यंत्र बसवलेलं असेल तर त्याचं पाणी. साबणाला फेस छान येतो, पण कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घातलेलं असतं आणि सोडियमनं मातीची रचना बिघडते. बागेसाठी यंत्राच्या आधीच्या पाइपातून तोटी काढून घ्या, प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम आहे.

खात्री करायची असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. माझा कामचलाऊ हिशोब असा: ३०० च्या आत असेल तर बिनधास्त, ७००-८०० च्या वर गेलं की सोनचाफ्याला त्रास होणारच.

उपाय म्हणजे जमेल तेवढं महापालिकेचं किंवा पावसाचं पाणी. आठवड्यातून दोनदा जरी चांगलं पाणी मिळालं तरी फरक दिसतो. कुंडीतल्या झाडाला आधी क्षार धुऊन काढा: कुंडीत जेवढी माती असेल तिच्या दुप्पट चांगलं पाणी सावकाश ओता आणि तळातून सगळं वाहून जाऊ द्या. खालची ताटली काढून ठेवा, नाहीतर धुतलेले क्षार परत वर चढतात. मग वाळक्या पाल्याचं तीन-चार इंच आच्छादन घाला, खोडापासून वीतभर जागा सोडून. बाष्पीभवन कमी झालं की क्षार वर येणंही कमी होतं.

६. माती: व्हिनेगरची चाचणी

नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर हे करा. सुकी माती चमचाभर घ्या आणि तिच्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाका. फसफसलं, बुडबुडे आले, म्हणजे मातीत मोकळा चुना आहे. अशा मातीत लोह असतं पण मुळांना मिळत नाही, चुना त्याला बांधून ठेवतो.

म्हणूनच दुकानदार देतो ते हिराकस (लोहाचं सल्फेट) अशा मातीत घालून फार दिवस टिकत नाही, त्याचंही तेच होतं. चिलेटेड लोह (सेंद्रिय रेणूनं धरून ठेवलेलं) घ्या, आणि पाकिटावर बघून घ्या. "ईडीटीए" लिहिलेलं फवारणीसाठी, लिटरभर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम, उन्हं उतरल्यावर. मातीत घालायचं असेल तर "ईडीडीएचए" लिहिलेलं. ते महाग पडतं, पण चुनखडीच्या मातीतही टिकतं. नवीन पालवी दोन-तीन आठवड्यांत हिरवी आली तर निदान बरोबर होतं.

त्याच वेळी घरगुती "खतं" तपासा. अंड्याची टरफलं, चुलीची किंवा होमाची राख, चुन्याची निवळी, हे सगळं मातीतला चुना वाढवतं. खोडाला गेरू-चुना लावायला हरकत नाही, पण उरलेली बादली आळ्यात रिकामी करणारे माळी मी पाहिलेत. ताकाचं विचाराल तर पातळ ताक घातल्यानं नुकसान होत नाही, पण पुण्याची काळी माती ताकानं आम्लधर्मी होणार नाही.

युरिया आणि डीएपी सोनचाफ्याजवळ नको. युरियानं पाला येतो, फूल मागे पडतं. करपलेल्या झाडाला तर कुठलंही रासायनिक खत म्हणजे आधीच्या क्षारांत भर. झाड सावरल्यावर पावसाळ्याच्या तोंडाला कुजलेलं शेणखत दोन पाट्या, बस.

७. किडी

पान उलटं करा. मधल्या शिरेला चिकटलेले तपकिरी ठिपके नखानं खरवडून निघाले तर ती खवले कीड. ती चिकट रस सोडते, त्यावर काजळी धरते आणि मुंग्या तो खायला येतात. मुंग्या तिचं रक्षणही करतात, म्हणून आधी त्यांची वाट तोडा. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा. मग जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. उरलेल्यावर लिटरला ५ मिलि कडुनिंबाचं तेल, थोडा द्रव साबण घालून, संध्याकाळी. आठवड्यानं पुन्हा.

पानं कुरतडलेली असतील आणि हिरवट अळी दिसली तर बहुधा ती काळ्यावर हिरवे ठिपके असलेल्या फुलपाखराची. दोन-चार पानं खाऊन निघून जाते, मी हात लावत नाही.

८. मुळांपर्यंत जायचं असेल तर

वरचं सगळं झालं, पालवी दोनदा येऊन गेली, तरी झाड तसंच. आता मुळं बघायची, आणि हे काम जून-जुलैमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर. एप्रिल-मेमध्ये सोनचाफ्याची मुळं उघडी केलीत तर बरं झाड जायचं.

कुंडी आडवी करून गोळा अलगद बाहेर काढा. मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल फिरली असतील तर दोन बोटं मोठी कुंडी घ्या, कडेची मुळं हलकेच सैल करा, धुऊ नका, गोळा फोडू नका. ही मुळं ठिसूळ असतात आणि तुटली की लवकर भरून येत नाहीत. काळी, लिबलिबीत मुळं कापून टाका. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी वाळू, असं मिश्रण मला पुरतं. पिशवी न काढताच लावलेलं झाडही निघतं कधीकधी. मुळं प्लॅस्टिक फाडून एका भोकातून बाहेर आलेली असतात.

जमिनीतलं झाड असेल तर त्याच्यापासून तीन-चार फुटांवर दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा. ते मुरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही उभं असेल तर तिथला निचरा मुळात वाईट आहे. काळ्या मातीत खणलेल्या खड्ड्यात लाल माती भरली की तो खड्डा पावसाळ्यात हौद होतो. तिथं खतानं काही होत नाही. लहान झाड असेल तर फूट-दीड फूट उंचवटा करून त्यावर हलवा, मोठं असेल तर पाणी बाहेर काढायला उताराची चर खणा.

कुठं थांबायचं

पुढच्या गोष्टी दिसल्या तर स्वतः प्रयोग करू नका. खोडाला भोक आणि खाली लाकडाचा भुसा पडलाय. बुंध्याशी अळंबी उगवलीय किंवा साल दाबली की आत जाते. एकेक फांदी शेंड्याकडून वाळत खोडाकडे येतेय आणि निरोगी भागापर्यंत छाटूनही थांबत नाही. जाणकाराला झाड प्रत्यक्ष दाखवा. कृषी महाविद्यालय किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र इथं विचारता येतं. जाताना वाळलेली आणि हिरवी जिथं मिळते तो फांदीचा तुकडा न्या, नुसतं वाळलेलं पान नेऊन उपयोग नाही.

व्हिनेगर जोरात फसफसलं आणि लोह देऊनही पानं पिवळीच येत असतील तर माती परीक्षण करून घ्या. वरची, फूटभर खोलीची अशी चार-पाच ठिकाणची माती एकत्र करून अर्धा किलो पुरते. अहवालात सामू (पीएच), क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे बघा. सामू ८ च्या वर आणि मुक्त चुनाही जास्त असेल तर मी त्या जमिनीत सोनचाफा सांभाळायचा सल्ला देत नाही, मोठ्या ड्रममध्ये लाल मातीत लावा.

बियांचं जुनं झाड भिंतीवर, विजेच्या तारेवर किंवा शेजारच्या छपरावर कललं असेल तर शिडी लावून फांद्या तोडायला जाऊ नका. शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही १९७५ च्या महाराष्ट्राच्या नागरी वृक्ष कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज उद्यान विभागात करायचा, आणि तारेजवळ काम असेल तर आधी वीज कंपनीकडून प्रवाह बंद करून घ्यायचा. माळ्याला "साहेब, मी काढतो की" म्हणू देऊ नका.